नकाशात नसलेली पायवाट

ता. १ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या दवाखान्यात येणाऱ्या बायका म्हणतात, की युद्धबंदीची रेषा त्यांच्या झऱ्याची वाट तोडते. अशी वाटच नाही. मी कॉलेजाचं तोंड पाहिलं नाही, नकाशे काढणं एकट्याने शिकलो. पण त्या गावातल्या चाळीस जणांना विचारलं, पडताळलं आणि मगच नकाशावर त्या रेषेला शाई लावली. शिक्षक, दुकानदार, शिपाई, कुणाच्याही तोंडी ही वाट आली नाही. मग ती आत्ताच कुठून उगवली? पलीकडच्यांनी या बायकांना पढवलंय, असा मला दाट संशय आहे. तू भोळी आहेस, जपून राहा.

पंधरा तारखेला रेषेवर सुरुंग पेरणार आहेत. लोभ आहेच, तो वाढव.

दादा

ता. ५ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न.

मी भोळी, आणि तू शहाणा! चाळिसांत बायका किती, ते लिहायचं विसरलास. पाणी बायका भरतात, दादा. तुझ्या शिक्षकाला फक्त भरलेला माठ ठाऊक. इथल्या एक आजी म्हणाल्या, की लढाई पुरुषांनी केली, तह पुरुषांनी केला, आता पाय तेवढे आमचे जाणार.

संशय मलाही येतो, तुझाच. चूक दिसली तरी तुझ्या लष्करी साहेबांपुढे तू ती कबूल करणार नाहीस. मला खोटं पाड. रागासकट लोभ ठेव.

धाकटी

ता. १० ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

काल तुला न सांगता येऊन गेलो, बायकांना खोटं पाडायला. तिघींच्या मागे अंतर राखून चाललो. झऱ्यापर्यंत सहाशे बारा पावलं. तीनशे चाळिसाव्या पावलावर माझी रेषा. एकीने वळून विचारलं, की या वाटेवर पुरुष प्रथमच दिसतोय, चुकलात की चोरायला आलात? चुकलोय, असं सांगितलं.

आज साहेबांना भेटलो. ते म्हणाले, पाणी हा लष्करी विषय नाही. मी मूळ नकाशावरची माझी सही त्यांच्यासमोर खोडली; तिच्याशिवाय तो सुरुंगवाल्यांना देता येत नाही. त्यावर साहेब लगेच म्हणाले, की बरं, नवा काढा. साहेब इतक्या लवकर कधीच मानत नाहीत. जुन्याची, माझ्या सहीची प्रत त्यांच्या कपाटात नक्की असणार.

नवा नकाशा काढतोय, वाट जाड शाईत. पंधराला सकाळी तो घेऊन मी स्वतः त्या वाटेवर उभा राहीन. त्या तिघी येतील का, विचार, जबरदस्ती नको. जुना कागद घेऊन कुणी आलंच, तर त्याला आधी आमच्याशी बोलावं लागेल.

नोकरी राहो न राहो, लोभ राहू दे.

दादा