पावा वाजत होता

गुरु. १२ मार्च
टीव्हीवरून पुन्हा वाजलं. आवाज कमी कर म्हटलं, तर सुहास म्हणतो, हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. सगळं जग पुटपुटतंय, हा एकटा ठणठणीत! कान तपासून घे म्हटलं की, डॉक्टर तू का मी. संपला विषय.
शनिवारी लंडनला गाण्याचा कार्यक्रम. सुहासच्या ऑपरेशन थिएटरमधली नर्स आयसेल, तिने तिकिटं काढलीत. तुर्की बँड, तिच्या जन्माआधीपासून गातोय. वडिलांच्या गाडीत दुसरं काही लागायचंच नाही म्हणे.

रवि. १५, सकाळ
काल हॉलभर तुर्की कुटुंबं. आज्यांनासुद्धा गाणी तोंडपाठ. खुर्च्यांमधल्या वाटेतच करंगळीत करंगळी अडकवून नाच. एक गाणं चक्क नऊ मात्रांचं. मी टाळ्यांत गडबडले, पण सुहासचा मांडीवर ठेका बरोब्बर. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तबल्याला उगाच नाही बसवत त्याला. किती दिवसांनी खूश दिसला.
मग माझ्या कानाशी ओरडला, "तो पावावाला नुसता उभा का आहे? वाजवणार कधी?"
पावा वाजत होता. केव्हाचा. इतका तीक्ष्ण, की माझ्या दाढा शिवशिवत होत्या.
हा रोज लोकांना भूल देतो. मशीनचा अलार्म वाजला आणि...
इंटर्व्हलला कॉफीच्या क्यूमध्ये आयसेल. मी काही विचारलंही नव्हतं. तीच म्हणाली, हल्ली थिएटरमध्ये मॉनिटरवरचे आकडे मी त्यांच्यासाठी मोठ्यांदा म्हणते. आणि रडायलाच लागली. सगळं काम त्याने शिकवलेलं, ती बिचारी कुठल्या तोंडाने सांगणार. मला यासाठीच बोलावलं होतं का?

रवि., संध्या.
बोलले. सुहास म्हणाला, स्क्रीनवर सगळं दिसतं.
"आणि मान वळवलेली असताना?"
त्याने उठून टीव्ही बंद केला.
"उद्या तू डिपार्टमेंटच्या हेडला सांग. नाहीतर मी सांगेन."
तबल्याची खोळ काढून बसला. वाजवला नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. भयंकर राग येतोय, आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटतंय. आयसेलबद्दल बोलले नाही. तिचं नाव यात नको.

सोम. १६
चहा पिताना एकदम, "कसा होता गं? तो पावा."
गाऊन दाखवलं. मी ही अशी बेसुरी, आवाज वर जाईना. तो माझ्या ओठांकडे बघत होता.
"याच्याहून वर?"
"बराच वर."
कप विसळला. बॅग घेतली. 'येतो' म्हणाला नाही, रोज म्हणतो.
आज पहिलं ऑपरेशन लवकर आहे. गाडी अजून दारातच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो आत बसलेला दिसतोय. फोन हातात आहे. कानाला लावलेला नाही.