विंचूरकडची बाजू

२ फेब्रुवारी
पोचले एकदाची! आई म्हणत होती नाशिकच्या सिडकोतून रोज ये-जा कर, पण मी ऐकते होय. सायखेड्यात माझी स्वतःची खोली आहे आता, माडीवर, खिडकीतून गोदावरी दिसते. घरमालकीण सरूकाकूंनी आल्या आल्या चहा दिला आणि लग्नाचं विचारलं. दोन्ही गोड होतं, म्हणून सोडून दिलं.

ऑफिस म्हणजे निवृत्तीकाकांचा जुना केबलचा गाळा. आता तिथून वीसेक गावांना इंटरनेट जातं. काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ही डिप्लोमावाली पोरगी, आजपासून कॉम्प्युटरवरचं सगळं निकिता बघणार. मी इतकी फुगले की विचारू नका.

४ फेब्रुवारी
इथे निम्म्या लोकांना वाटतं इंटरनेट हवेतून येतं. काय सांगू त्यांना! नाशिकहून मोठी लाइन आमच्या गाळ्यात उतरते. तिथून केसाएवढ्या काचेच्या तारा दोन बाजूंनी निघतात, एक नदीच्या अंगाने आणि दुसरी विंचूरकडून. वाटेत गावोगावी आमच्या पेट्या. लासलगावच्या अलीकडे दोघी एकमेकींना भेटतात. म्हणजे पूर्ण गोल. एका बाजूला तार तुटली तर सगळं आपोआप दुसऱ्या बाजूने फिरून जातं. लोकांना पत्ताही लागत नाही. फक्त माझ्या पडद्यावर लाल दिवा लागतो आणि गाळ्यातली पेटी टीं टीं करत बसते. मग लाइनमनला फोन करायचा आणि त्याने जाऊन तार जोडायची, दुसरी बाजू तुटायच्या आत. मोबाइलचे दोन टॉवरसुद्धा आमच्याच तारेवर आहेत.

लाइनमन म्हणजे वाल्मीकदादा. चाळिशीचा, मिशाळ, दोन मुलींचा बाप. मला मॅडम म्हणतो, पण असं म्हणतो की डोक्यात जातं.

७ फेब्रुवारी
आज वाल्मीकदादाच्या मागे मोटारसायकलवर बसून पार लासलगावच्या अलीकडे गेले, नवं कनेक्शन द्यायला. द्राक्षबागांच्या मधे एकच घर, त्यात सुलाबाई एकट्या. मुलगा रोहित पुण्याला. व्हिडिओवर तो दिसला तेव्हा सुलामावशींनी पडद्यावरून हात फिरवला त्याच्या गालावर. मला रडूच आलं, वाल्मीकदादाने ते बघितलं.

मग बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. जेवताना मावशींनी विचारलं की माझा फोन पुण्याला जातो कसा, त्याला वाट कोण दाखवतं. मी सांगितलं, कुठल्याच पेटीला पूर्ण रस्ता माहीत नसतो. तिला फक्त शेजारची पेटी माहीत असते. ती तिला विचारते, ती पुढचीला. मावशी हसल्या. म्हणाल्या, मंग आमच्यावानीच हाय की, इचारत इचारत जायचं. निघताना मी माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये घातला, काही अडलं तर कळवा म्हटलं.

१२ फेब्रुवारी
वाल्मीकदादाने आज नाक कापलं माझं. या आठवड्यात लाल दिवा लागला म्हणून मी त्याला तीनदा धाडलं आणि तिन्ही वेळा काही नव्हतं, कनेक्टर ढिले. आज भर गाळ्यात, चार गिऱ्हाईकं बसलेली, म्हणतो कसा, मॅडमला दिवा दिसला की वाल्मीक पळालाच पाहिजे, उद्या ट्यूबलाइट लागली तरी फोन करतील. सगळे खो खो हसले. काकासुद्धा!

ठीक आहे. आता बघू कोण फोन करतंय ते.

१४ फेब्रुवारी
सकाळपासून विंचूरकडची बाजू लाल. पेटीने डोकं उठवलं, आवाज बंद करून टाकला. दुसऱ्या बाजूने सगळं सुरळीत चालू आहे, एकही तक्रार नाही. जाईल की तो सोमवारी. मी काही त्याच्या पाया पडत नाही.

१६ फेब्रुवारी
काल संध्याकाळी कुणीतरी पाइपलाइनसाठी जेसीबी लावला आणि नदीकडची तारही तुटली. गोलाला आता दोन ठिकाणी खिंडार. मधली सगळी गावं, दोन्ही टॉवर, बंद. सकाळपर्यंत कुणाचा फोन लागला नाही.

सुलाबाई गेल्या. छातीत कळ आली असणार. आज सकाळी द्राक्षाला आलेल्या बायकांना ओट्यावर सापडल्या, हातात फोन. अॅम्ब्युलन्सला लावत होत्या, मग रोहितला, परत अॅम्ब्युलन्सला. आणि शेवटी मला. मला! फोन लागत नाही म्हणजे निकिताला सांगायला हवं, असं वाटलं असेल त्यांना.

काकांनी विचारलं, विंचूरकडचा दिवा आधी लागला होता का. मी म्हटलं लागला होता, मी वाल्मीकदादाला त्याच दिवशी तोंडी सांगितलं होतं.

असं म्हटलं मी. शब्द तोंडातून सहज निघाले, तयार ठेवल्यासारखे. दादाने आवाज चढवला नाही. म्हणाला, ताई, माझ्याकडं बघून बोला. पहिल्यांदाच ताई म्हणाला. मी पडद्याकडेच बघत राहिले. काकांनी त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. दोन्ही तारा जोडायला नाशिकहून माणसं मागवली.

१८ फेब्रुवारी
रोहित गाळ्यात आला होता. मी मागच्या दाराने जाणार होते, पण त्याने बघितलं. हात जोडले माझ्यासमोर. म्हणाला, ताई, तुमच्यामुळे शेवटचे आठ दिवस आई रोज दिसली, तुमचं नाव सारखं तिच्या तोंडी असायचं. आईचा फोन त्याने बंद करून पुण्याला नेलाय, आठवण म्हणून.

वाल्मीकदादाच्या मुलीला शाळेत पोरं म्हणतात, तुझ्या बापाने म्हातारी मारली. सरूकाकूंनीच सांगितलं, वर मलाच म्हणाल्या, जेव गं, तू कशाला जीव जाळतेस.

लाज वाटते. घास गिळवत नाही इतकी लाज वाटते. उद्या काकांना सांगते.

१९ फेब्रुवारी
नाही सांगितलं. काकांकडे माणसं बसली होती.

लासलगावहून एका व्यापाऱ्याची विचित्र तक्रार आली. म्हणे फोनवर एक बाई बोलते, तुमच्या निकिताकडं कसं जायचं म्हणून विचारते. त्याने विंचूरकडे बोट दाखवलं, म्हणजे विंचूरच्या माणसाचं नाव सांगितलं. वैतागून नंबर वाचून दाखवला त्याने मला.

सुलाबाईंचा आहे.

२० फेब्रुवारी
रोहितला फोन केला. आईचा फोन कपाटात आहे, बंद. बॅटरीही काढलीय.

त्याच नंबरवरून आज विंचूरच्या पिठाच्या गिरणीत फोन आला. मग पुढच्या गावातल्या दवाखान्यात. बाई साधी, नीट बोलते म्हणे, धाप लागलेली असते. निकिता ठाऊक हाय का विचारते. आम्हाला नाही, पण पुढच्यांना असेल, असं लोक सांगतात. कोण नाही म्हणेल? म्हातारं माणूस वाट विचारतंय.

गिरणीजवळ आमची पेटी आहे. दवाखान्याजवळ त्याच्या पुढची. मला क्रम पाठ आहे. ती तारेवरून येतेय, पेटी-पेटीने, विंचूरकडच्याच बाजूने. मी सोडून दिली होती, त्याच.

२१ फेब्रुवारी
विंचूरकडची लाइन पडद्यावरून बंद केली.

तासाभरात नदीच्या बाजूच्या गावातून तक्रार. एक बाई विचारत होती—

अर्थातच. एक बाजू बंद झाली की दुसऱ्या बाजूने फिरून. गोलच आहे तो. आणि शेजारचीला विचारत पुढे जायचं, हे मीच शिकवलं होतं त्यांना.

काकांना सांगायचंच म्हणून उठले. त्यांच्या दारापर्यंत गेले. ते म्हणाले, ये गं, पोरी, तू आहेस म्हणून गाळा चाललाय. आणि मी— मी पगारी सुट्टीचं विचारून परत आले. थू माझ्यावर.

२२ फेब्रुवारी
आज गेलेच नाही. खोलीत आहे. फोन बंद केला.

भर दुपार. खाली सरूकाकूंचा फोन वाजला. काकूंचा आवाज येतोय वर. हो हो, इथंच राहती की. माडीवर. या ना.

या ना म्हणाल्या.

फोन चालू केला. काकांना लावला, सगळं सांगून टाकायला. लागत नाही. वाल्मीकदादाला— लागत नाही. आईला. नाही. रेंज पूर्ण आहे आणि एकही लागत नाही. मावशींना असंच झालं असेल. हातात फोन आणि पलीकडे कोणीच

मग इथे लिहिते. कुणीही वाचा. लाल दिवा मी पाहिला. आवाज मी बंद केला. वाल्मीकदादाला मी काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. माझं हसं झालं होतं म्हणून. एवढ्यासाठी. त्याला परत घ्या. त्याच्या मुलीला सांगा की

काकू कुणाशी तरी बोलताहेत. पाणी देताहेत. बिचाऱ्या इचारत इचारत आल्यात, लय दमल्यात, म्हणतात.

जिना. थांबत थांबत. धाप

दार वाजवत नाहीयेत. नुसत्या उभ्या आहेत. बोलताहेत. वाटलं होतं शिव्या देतील, शाप देतील. तसं काहीच नाही. आवाज तोच, भाकरी वाढतानाचा. पोरी, फोन लागंना बघ. छातीत लय दुखतंय. तेवढी गाडी बोलव. रोहितला नको सांगू, घाबरंल तो.

त्यांना माहीत नाही. देवा, त्यांना अजून माहीतच नाहीये. त्यांना वाटतंय वेळ आहे.

उठते. या वेळी तोंडाकडे बघून. दार उघडून मलाच सांगावं लागणार आहे, मावशी, तुम्ही—