किल्ली काढल्यावरचे तीन ठोके

२ नोव्हें., रवि.
आईच्या मनगटाला प्लास्टर. संध्याकाळी जीप अंगणात लावली, किल्ली काढली. इंजिनने सवयीप्रमाणे वर आणखी तीन ठोके दिले आणि ही स्वयंपाकघरातून पाण्याचा गडवा घेऊन पळत सुटली. पायरी चुकली. पडल्या पडल्या मला विचारते, "हातपाय धुतले काय त्याईनं?"
बाबांना जाऊन ही दुसरी दिवाळी. जीप मी रोज चौकापर्यंत फिरवून आणते. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सगळ्यांना सांगते. तीन ठोके म्हणजे बाबा आले, हे या घरात माझ्या जन्माआधीपासूनचं. ते ऐकलं की आई निमूट जेवते. आणि मलाही... असो.

३ नोव्हें., सोम.
दादाचा पुण्याहून फोन. "विकून टाक ते धूड. उद्या कंबर मोडून घेईल ती." विकली तर ती जेवणार नाही, हे पुण्यातून दिसत नाही. म्हटलं, जीप राहू दे, ठोके घालवते. जीप दारात दिसली की जेवेल, पळणार नाही.
"तू?"
मी. रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात दिवसभर लोकांचं रक्त तपासते, नट-बोल्ट काय चावणार आहेत मला?

५ नोव्हें., बुध.
ड्यूटीनंतर वाडीला, साहेबरावकाकांकडे. बाबांचे कोराडीच्या वीजकेंद्रातले सोबती, आता ट्रकच्या गोडाउनांमागे गॅरेज. ठोक्यांचं सांगितलं. हसले. "टायमिंग मागं आहे वं तिचं. ठिणगी उशिरा पडते, इंजिन तापते, मंग किल्ली काढली तरी बंद होत नाही." मग हात पुसत, "तुझ्या बापाले समजत नव्हतं असं नाही. दोनदा मी बरोबर करून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागं."
"काहून?"
"तुझ्या मायले विचार."
ठिणगीबरोबर लुकलुकणारा टायमिंग लाइट दिला, जुन्या टॉवेलात गुंडाळून.

६ नोव्हें., गुरु.
सकाळी आईचं डोकं जाग्यावर असतं, तेव्हा विचारलं. "मले मागं सैपाकघरात गेट ऐकू येत नव्हतं. ते शिफ्टहून यायचे अन् उपाशी ओसरीवर बसून राहायचे. आवाज देणं त्याईच्या स्वभावात नाही. म्हटलं, येता तं समजू द्या न मले." मग प्लास्टरच्या आत खाजवायला विणायची सुई मागितली.
म्हणजे हा बिघाड नव्हताच. बायकोला हाक मारायची लाज, म्हणून माणसाने इंजिन बिघडवून ठेवलं. हसू आलं. मग दिवसभर हॉस्पिटलात नाक ओढत बसले, सर्दी झाली म्हणून सांगितलं.

८ नोव्हें., शनि.
केलं. कपड्यांना ग्रीस लागू नये म्हणून बाबांचा खाकी शर्ट घातला. त्याला अजून त्यांचा वास येतो, धुतला तरी. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरवर त्यांनी लाल रंगाची बारीक रेघ मारून ठेवलेली, त्यांची जागा. बोल्ट सैल केला, इंजिन चालू, हाताने हळूहळू फिरवत गेले. अंधारून आल्यावर लाइटचा उजेड नीट पडायला लागला. पुली गरगर फिरते आणि तिच्यावरची खडूची रेघ मात्र एका जागी उभी दिसते. भीतीच वाटली. रेघ इंजिनावरच्या खुणेसमोर आणली, बोल्ट कसला. फरक किती, तर नखाएवढा.
चक्कर मारून आले. किल्ली काढली. एकदम गप्प.
आई पलंगावरून उठली नाही. काम फत्ते. मी सीटवरच बसून राहिले. बाबा हॉस्पिटलात गेले, तेव्हा इतकं गेल्यासारखं वाटलं नव्हतं.

९ नोव्हें., रवि.
जेवली नाही. "ते येऊ दे."

११ नोव्हें., मंगळ.
दादा: "आता पळत नाही ना?" नाही, पळत नाही. दिवेलागणीला गेटशी खुर्ची मागते आणि बसते. वरणभात भरवला तर दोन घास. आज म्हणाली, "रोज यायचे. आता काहून नाही येऊन राहिले? तू काही बोलली काय वं त्याईले?"
नाही म्हटलं. नीट म्हणताही आलं नाही.

१३ नोव्हें., गुरु.
डॉक्टर म्हणतात, आठवण करून द्या, सत्य सांगा. सांगितलं. धाय मोकलून रडली. अर्ध्या तासाने गेटशी खुर्ची मागितली. पुन्हा सांगणार नाही, कोणी काहीही म्हणो.

१५ नोव्हें., शनि.
न राहवून पुन्हा खाकी शर्ट. बोल्ट सैल, डिस्ट्रि. मागे, लाल रेघेवर, बोल्ट नुसता हाताने आवळला. आईची खुर्ची आधीच अंगणात सपाट जागेवर ठेवली, गडवा तिच्या हातात दिला. म्हणजे पळायला नको. चौकाऐवजी थेट अमरावती रोडपर्यंत जाऊन आले, इंजिन चांगलं तापलं. किल्ली काढली.
एक. दोन. तीन.
इतकं बरं वाटलं की स्टिअरिंगवर डोकं टेकलं. उतरले तर ती सावकाश चालत समोर. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, ओसरीचा दिवा माझ्या पाठीशी. गडवा पुढे केला. "पाणी घ्या. हातपाय धुवा." मी प्यायले. तिचा चेहरा किती दिवसांनी सैल झालेला.
मग गेटकडे बघून म्हणाली, "पोरगी नाही आली अजून. अंधार पडून राहिला. रस्त्यात दिसली काय तुम्हाले?"
"येईल," म्हटलं.
"ती आल्याशिवाय नाही जेवत मी. तुम्ही जेवून घ्या." आणि पुन्हा खुर्चीत, तोंड गेटकडे.
हे जीपमध्ये बसून लिहितेय. ती अजून तिथेच. शर्ट माझ्या अंगात आहे, काढला तर पोरगी येईल, ते जातील. बोल्ट पान्याने कसायचा राहिलाय.