बठी जा

लिंबायत, सुरत
४ फेब्रुवारी २०२६

ती. उज्ज्वलाताईस,
कुंदनचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. पण आपल्या एका खोलीत फोनवर बोललो की आई ऐकते, भिंतीपलीकडून कुसुमकाकूपण. मी पलसाण्याची डाइंग मिल सोडली, रंगाची वाफ नाकातून जातच नाही. सध्या कतारगामला रिक्षा चालवतो. पुढे कच्छला जाईन म्हणतो, तिथे म्हणे उंट पोहतात. असो.

मगनमामा बंगळुरूहून तुझी ड्यूटी असलेल्या विमानाने आले तेव्हापासून रुसून बसले आहेत. भाचीच्या विमानात बसायचं म्हणून नवा शर्ट शिवला होता. आईने एप्रिलातल्या तुझ्या लग्नाचं काढलं, तर म्हणाले, नवरीच्या पाठीशी दुसरा मामा उभा करा. दुसरा आणायचा कुठून? भाचीने चारचौघांत ढकललं आणि ‘बठी जा’ म्हणून ओरडली, एवढंच सांगतात. घरात त्यांना कुणी असं बोलत नाही. धूर झाला होता म्हणे. त्यांच्या पिशवीत काय निघालं ते मात्र मला नक्की लिही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा कुंदन


बंगळुरू
११ फेब्रुवारी

चि. कुंदनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चौदाव्या रांगेवरच्या कप्प्यातून धूर आला. मी आग विझवायचा सिलिंडर मारला. आग विझली, पण मामांच्या पिशवीतली पॉवर बँक तापलेलीच होती. अशा बॅटरीवर लगेच पाणी ओतावं लागतं, नाहीतर ती पुन्हा पेटते. माझ्यासोबत ड्यूटीवर असलेल्या जयश्रीने पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि मामांनी माझं मनगट धरलं. करंट आहे, पाणी टाकू नको, असं ओरडत होते. वीस वर्षं विजेच्या लूमवर काढलेला माणूस, दुसरं काय करणार? मी दोनदा ‘सर, बसा’ म्हटलं. ऐकलं नाही. मग तोंडातून घरची अहिराणीच निघाली. हो, ढकललंही. ते बसले, आम्ही ओतलं. कुणाला काही झालं नाही.

उतरल्यावर अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, वस्तू माझीच, आणि या मुलीला मी ओळखत नाही. नातं कळलं तर माझ्या नोकरीवर येईल असं त्यांना वाटलं असावं. स्वतःचा मोबाइलही चार्जिंगला न लावणाऱ्या मामांना ती कुणी दिली, हे मी विचारत नाही.

आईला वेळेवर जेवायला सांग. पत्र लिहीत जा.
तुझी ताई


लिंबायत
१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मीच दिली होती. स्टेशनबाहेर जोडी स्वस्त मिळाली, एक मामांना, एक मला. तुझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं आणि हेही सांगून टाकलं. आईने लाटणं उचललं. मामांनी तिला थांबवलं, म्हणाले, पेटली ती याचीच, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. मग एकच विचारलं, म्हणजे पाणीच बरोबर होतं? मी हो म्हटलं. ते उठले, माझी पॉवर बँक चार्जिंगवरून काढली आणि पाण्याच्या बादलीत टाकली. आई आता बादलीसाठी ओरडते आहे. कच्छचं जरा लांबलं, लग्नाचा मंडप मीच बघणार.

मामा नवा शर्ट इस्त्रीला देऊन आले. येतो म्हणतात, पण तुझ्यासाठी निरोप आहे. मामाला त्या दिवशी उभंच राहायचं असतं, तेव्हा पोरीला म्हणावं, निदान मंगलाष्टकं होईपर्यंत बठी जा म्हणू नको.

माया आहेच, ती तुझ्याकडूनही येत राहो.
कुंदन