खबर देणार झिपरू

८ ऑक्टोबर, बुधवार

पोचलो एकदाचा! सत्तावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, पण तिकीट काढून खिडकीशी बसायची मजा आज कळली. नाशकाहून सुरगाण्यापर्यंत पाय पसरून आलो. पुढं जीपमध्ये मात्र चौदा जण, ड्रायव्हर अर्धा बाहेर. म्हटलं, बाबा रे, तुझंच तिकीट फाडायला पाहिजे. सगळी जीप हसली.

भागुबाई आत्याकडं उतरलोय. माझ्या वडलांची चुलतबहीण, ऐंशी ओलांडली तरी शेतात जाते. आल्याआल्या तिनं गरम नागलीची भाकर पुढं केली.

काम एकच. माझा पणजा झिपरू, त्याचा पन्नास सालाआधीचा कागद शोधायचा. त्यावर जात ‘कोकणा’ लिहिलेली पाहिजे. मोहिनीला डॉक्टरकीला जागा मिळालीय, पण महिनाअखेर जात पडताळणीचा दाखला दिला नाही तर ती गेली. पोरीनं दोन वर्षं टीव्ही लावला नाही. आई नाही तिला, जे काय ते मीच.

लहानपणी ती दारातून ‘जाते’ म्हणाली की मी तिला उंबऱ्यातून मागं बोलवायचो. जाते म्हणू नये गं बाई, येते म्हणावं. आता चार जिने उतरेपर्यंत ओरडत असते, पप्पा येते, पप्पा येते. आजही निघताना मीच ‘येतो’ म्हणालो तेव्हा तिनं मला शाबासकी दिली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सापडला! रेकॉर्ड रूममध्ये ज्ञानेश नावाचा कारकून आहे. मोडी वाचता येते म्हणून सगळा तालुका त्याच्या मागं. दोन दिवस आम्ही जन्ममृत्यूची जुनी बुकं उपसत होतो, शिंकून शिंकून जीव गेला. आज दुपारी त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. सन १९३७. झिपरू धर्मा, जात कोकणा, तापाने मयत. मी त्या माणसाला मिठीच मारली. नक्कल सोमवारी मिळेल म्हणाला.

शाळेमागच्या टेकडीवर रेंज येते. मोहिनीला फोन केला तर बोलेचना, नुसती रडत होती. मग मीही रडलो. दोघं येडे.

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी झिपरूच्या दगडाला नारळ फोडून आलो. आपली माणसं इथं पुरतात आणि उशाला दगड उभा करतात. मोहाच्या झाडाखाली त्याचा दगड आहे. बसून त्याला सगळं सांगितलं, पोरगी कशी हुशार आहे, काय काय खाल्लं की तिला अॅलर्जी होते, सगळं. एकटाच बडबडत होतो. उठताना हात जोडले आणि म्हटलं, येतो आजोबा, पुढच्या खेपेला पोरीलाही घेऊन येतो.

हे घरी येऊन आत्याला सांगितलं तर तिच्या हातातली भाकर चुलीत पडली. ती म्हणाली, “आरं, तिथं येतो म्हनत्यात का? मुक्यानं उठायचं, पाठ फिरवायची नि चालू लागायचं.” मी हसलो. म्हटलं, सवयीनं तोंडातून गेलं. ती हसली नाही. “तुझा बापूसबी असाच बोलला हुता,” म्हणाली आणि शेतात निघून गेली.

वडील अठ्ठ्याण्णव साली इथं आले होते, माझ्या नोकरीच्या दाखल्यासाठी. कागद न मिळताच परत आले आणि आठव्या दिवशी नाशकात गेले. कावीळ. माझ्या मांडीवर गेले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

नक्कल हातात आली. सही, शिक्का, सगळं. आनंद व्हायला पाहिजे होता.

सहज म्हणून ज्ञानेशला वडलांचं नाव बघायला लावलं. नाशकात मेलेल्या माणसाची नोंद इथं असायचं कारण नाही. आहे. दत्तू नाथा, १९९८. शेवटच्या रकान्यात खबर देणाऱ्याचं नाव आणि अंगठा. खबर देणार, झिपरू.

मग आजोबा बघितले. नाथा झिपरू, १९६१, लासलगावला कांद्याच्या गाडीवर मजूर होते, तिथंच गेले. खबर देणार, झिपरू. ज्ञानेश म्हणाला, असेल त्याच नावाचा दुसरा कोणी. पण दोन्ही अंगठ्यांना मधोमध आडवी चीर आहे. सदतीस वर्षांच्या अंतरानं तीच चीर.

त्यानं पान उलटलं आणि बुक मिटलं. मी ते हिसकून उघडलं. शेवटची ओळ ताजी होती, बोटाला शाई लागली. हिरामण दत्तू. तारीख १६ ऑक्टोबर.

हिरामण दत्तू म्हणजे मी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आत्याला विचारलं, सोडवणूक काय. ती म्हणाली, नाय. येतो म्हणणाऱ्याची तो वाट बघतो. नाही आला तर स्वतः निघतो.

मग मी इथंच राहतो. मला घेऊ दे. मी घरी गेलो तर तो माझ्या मागं घरी येईल, आणि घरी मोहिनी आहे. तिला घेऊन येतो म्हणालो मी. माझ्या तोंडानं म्हणालो. देवा रे, जीभ का नाही झडली.

नक्कल पोस्टानं पाठवली. टेकडीवर जाऊन फोन केला. इकडं यायचं नाही, माझी काही खबर आली तरी यायचं नाही, शपथ घे म्हटलं. ती घाबरली, पप्पा काय झालं, पप्पा काय झालं, करत राहिली. रेंज गेली.

१५ ऑक्टोबर

डोळे पिवळे झालेत. आत्यानं आरसा काढून घेतला.

दुपारी अंगणात एक म्हातारा उभा होता. कमरेला लंगोटी, हात मागं. आत्यानं दार लावून घेतलं. मी फटीतून विचारलं, काय पाहिजे. तो म्हणाला, खबर द्यायला चाललो—

नाशकाच्या वाटेनं गेला.

१६

फोन करायचा. टेकडी चढवत नाही— आत्या गेली फोन घेऊन. लागत नाही म्हणते.

मोहिनी येऊ नको. येऊ नको. ये

१७

जीप. मोहिनी उतरली. दारात कोणी म्हातारा आला होता म्हणते, पप्पा गेले म्हणाला. शपथ मोडली पोरीनं. मी हाका मारतोय— ती माझ्याकडं बघत नाही. खाली बघते. घोंगडीकडं.

मोहाच्या झाडाखाली आणलं मला. झिपरूच्या शेजारी. बायका इथं येत नाहीत, आत्या घरीच राहिली. मोहिनी हट्टानं आली. माणसांनी माती लोटली, मुक्यानं उठले, पाठ फिरवली, चालले—

ती मागं राहिली. एकटी. नक्कल छातीशी धरलीय. झाडाच्या पलीकडं तो उभा आहे.

सगळं सांगितलं पोरीला, तेवढंच सांगायचं राहिलं. उलट मीच शिकवलं, उंबऱ्यातून मागं बोलवून— मुक्यानं जा गं. जाते म्हण. एकदाच जाते म्हण, मी नाही रागावणार—

डोळे पुसले तिनं. हात जोडले. म्हणते, पप्पा, ये