वाचनालयाचे पेज मीच करणार

३ मार्च
कालच्या सभेत अध्यक्षांनी जाहीर केले की, एकोणीस तारखेपर्यंत वाचनालयाचे वेब पेज झाले नाही तर सचिवपद दुसऱ्याकडे द्यावे लागेल. बावीस वर्षे सचिव मी आहे. सून हेच काम ऑफिसात रोज करते. म्हणाली, आई, अर्ध्या तासाचं काम, मी देते करून. नको म्हटले. पेज मीच करणार. शिस्त राहावी म्हणून ही रोजनिशी.

४ मार्च, सकाळी ६
वेब पेज लिहायची भाषा म्हणजे एचटीएमएल; तिचे पुस्तक काल आणले. सोपे आहे. पहिल्या ओळीत डॉकटाइप, म्हणजे हे एचटीएमएलचे पान आहे असे ब्राउझरला बजावायचे. मग एचटीएमएलचा टॅग, म्हणजे टोकदार कंसातली खूण. त्याच्या पोटात आधी हेड, मग बॉडी. उघडलेला टॅग बंद करायचा. मला हे शिकवायला नको. घरभर दिवे बंद करत मीच फिरते. दोन दिवसांचे काम.

७ मार्च
आधी सगळे वहीत, शाईने. सून म्हणाली, थेट कॉम्प्युटरवर लिहा ना. कच्चे-पक्के काही कळत नाही या पिढीला.

११ मार्च
टायपिंग. गुडघा दुखत असल्याने चारच ओळी. टायपिंगला गुडघा कशाला लागतो, असे ह्यांनी विचारले. त्यांना मलम आणायला पाठवले.

१३ मार्च
महत्त्वाचे ते वर, हा माझा नियम. वाचनालयाचे सतराही नियम हेडमध्ये, टायटलच्या टॅगात बसवले. बॉडीत मोठे शीर्षक, परिच्छेद, एखादे चित्र घालतात म्हणे. चित्रे बघायला कोणी वाचनालयात येत नाही. बॉडी कोरी ठेवली.

१५ मार्च
पेज उघडले. पांढरेशुभ्र. सून मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, आई, टायटल नुसतं वर टॅबवर दिसतं. लोकांना दिसायला हवं ते बॉडीत घालावं लागतं. म्हटले, तुला विचारले होते का? स्क्रीन जुनी झाली आहे.

१९ मार्च
सभा. पेज भिंतीवर दाखवले. नुसती भिंत दिसली. वर टॅबवर ‘नियम १: वाचना’ एवढेच. खजिनदारबाई म्हणाल्या, अगदी आपल्या वाचनालयासारखं शांत आहे. मी आभार मानले. मग सगळे का हसले, कळले नाही.
अध्यक्षांनी मागच्या रांगेतल्या आमच्या सूनबाईंना पुढे बोलावले. तिने सतराही नियम टायटलमधून उचलून बॉडीत ठेवले, वर वाचनालयाचे नाव, खाली वेळ. वीस मिनिटे. शब्द माझेच, एकही बदलला नाही. म्हणजे पेज मीच केले.
सचिवपद तिला द्यावे, हे मी सुचवणारच होते. अध्यक्ष आधी बोलले.

२० मार्च
सूनबाईंच्या ताब्यात दिले: कपाटाच्या किल्ल्या दोन. सचिवाचा शिक्का एक. एचटीएमएलचे पुस्तक एक, नवे, पान नऊपर्यंत वाचलेले. वही एक, हेडची पाने एकतीस, बॉडीची पाने कोरी.