समुद्रावरचा उपदेश

प्रिय शलमोन,

बायबल कॉलेजच्या खोलीत आपण ज्यावरून भांडायचो, ते भांडण तू जिंकलास. फोनवर सांगायचा धीर होत नाही म्हणून लिहितोय. हस खुशाल.

तू म्हणायचास, झाडं-तारे दाखवून देव मोठा आहे एवढंच पटतं; तो आपल्यासाठी मेला, हे तोंडानेच सांगावं लागतं. मी म्हणायचो, आधी सृष्टी दाखवू, क्रूस नंतर. नंतर म्हणजे कधी रे, असं तू विचारलंस की मी चहाचं काढायचो.

इथे सालवडला पत्र्याच्या हॉलमध्ये आमची मंडळी जमते. बहुतेक जालना-परभणीकडचे कारखान्यातले कामगार, पुढच्या रांगेत काही इंजिनिअर. माझे सृष्टीवरचे उपदेश त्यांना फार आवडतात. त्या इंजिनिअरांतला कैलास म्हणतो, पास्टर, तुम्ही ऑफिसातल्या मित्रांनाही ऐकवता येईल असं बोलता. मी काय, फुगलो.

मग कैलासची बायको मोनाली बाजारातल्या ओळखीच्या इंदुबाईंना घेऊन आली. इंदुबाई कोळीण, सुके बोंबील विकतात. त्यांचा मुलगा मेहुल गेल्या हंगामात बोटीवरून पडला, तो सापडलाच नाही. यंदा नारळी पौर्णिमेला अख्ख्या गावाने दर्याला नारळ दिला, यांनी दिला नाही. दर्याकडे बघतसुद्धा नाहीत, असं मोनालीने मला आधीच सांगितलं होतं. आणि या शहाण्याने त्या रविवारी काय केलं? ठरलेलाच उपदेश केला, समुद्रावर. भरती-ओहोटीची शिस्त, लाटांना घालून दिलेली मर्यादा, निर्मात्याचा हात. पुढची रांग माना डोलवत होती.

उपदेश संपला तशा इंदुबाई उठल्या. म्हणाल्या, ‘दर्याशी भांडून मी इथं आले, तुमी मला परत त्याच्याच पायाशी नेऊन बसवलं. येवढंच सांगा, तुमच्या देवाचा पोर कधी मेला हाय का?’

शलमोन, या प्रश्नासाठीच तर आपण पाळक झालो. उत्तर जिभेवर होतं. मी पुढच्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणालो, यावर सवडीने बोलू. या शिकलेल्या लोकांपुढे ते उत्तर अडाणीपणाचं वाटेल, अशी मला लाज वाटली. माझ्या प्रभूची लाज. त्यानंतर इंदुबाई आल्या नाहीत. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

आधी वाटलं, तुलाच बोलवावं, तू छान सांगशील. पण त्यांनी विचारलं होतं मला. उद्या बोईसरच्या बाजारात त्यांच्या टोपलीपाशी जाऊन बसणार आहे, गिऱ्हाइकांसमोर. कैलासलाही चल म्हटलंय. मी किती पळपुटा आहे ते तुला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र आजच पेटीत टाकतो. मग मागे फिरायची सोय राहणार नाही. सांगायचं फार नाहीच. हो इंदुबाई, मेला. एकुलता एक होता.

तुझाच, अजून वाद घालायला जिवंत असलेला,
प्रभुदास